स्टुडंट फॉर्म्युला टीमने इंजिन बदलताना: कामांचा क्रम, मोजमापे आणि नेहमीच्या चुका

स्टुडंट फॉर्म्युलात, म्हणजे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी छोटी रेस कार स्वतः बनवून उतरतात त्या स्पर्धेत, इंजिन बदलायचे ठरले की बहुतेक टीम आधी ते फ्रेममध्ये बसते का हे पाहतात. बसले की माउंट (इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या प्लेट) वेल्डच्या ठिपक्यांनी टॅक करून टाकतात. वायरिंग, इनटेक (हवा आत जाण्याचा मार्ग) आणि ट्यूनिंग ‘नंतर बघू’ म्हणत पुढे ढकलले जाते. नवे इंजिन पहिल्यांदा सुरू होते ते स्पर्धा तोंडावर आल्यावर, आणि तेव्हा कळते की फ्रेमची एक नळी थ्रॉटलच्या वाटेत येते आहे. हा क्रम उलटा करायचा आहे: आधी इंजिन स्टँडवर आपल्या वायरिंगवर चालले पाहिजे, मगच फ्रेमचे डिझाइन गोठवायचे.

उदाहरण म्हणून आपल्याकडे नेहमी दिसणारा बदल घेतला आहे. होंडा सीबीआर ६००आरआरसारखे चार सिलिंडरचे आयात इंजिन सोडून केटीएम ३९०चे सिंगल सिलिंडर इंजिन घ्यायचे. हे इंजिन चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या टीमला ते घरचेच वाटते. नियमांचे आकडे फॉर्म्युला स्टुडंटच्या रूलबुकचे आहेत. फॉर्म्युला भारत या आपल्याकडच्या स्पर्धेचे नियम त्याच धर्तीवर असतात, तरी प्रत्येक आकडा तुमच्या वर्षाच्या प्रतीशी जुळवूनच पुढे जा.

## टप्पा १: बदलाचे कारण आकड्यांत लिहा

‘सिंगल हलके असते’ हे कारण झाले नाही. किती हलके, कुठे हलके आणि त्या बदल्यात काय गमावले, हे एका पानावर उतरले पाहिजे. डिझाइन इव्हेंटमध्ये (स्पर्धेतली आखणीची परीक्षा) परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात आणि ‘सीनियर्सनी ठरवले’ या उत्तराला गुण नसतात.

सुरुवात रिस्ट्रिक्टरपासून करा, म्हणजे इंजिनाची सगळी हवा नियमाने ज्यातून न्यावी लागते त्या अरुंद भोकापासून. २० मिमीच्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की प्रवाह तिथेच थांबतो. समुद्रसपाटीच्या दाबाला आणि साधारण २५-२७ अंश तापमानाला ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम हवा इतकी येते. आता इंजिनाची भूक काढा. ५९९ सीसीचे इंजिन सिलिंडर पूर्ण भरत असेल, तर साडेबारा हजार आरपीएमच्या आसपास ते या मर्यादेला टेकते. त्यापुढे आरपीएम वाढवून आवाजच वाढतो. ३७३ सीसीच्या ३९०ला ९,००० आरपीएमवर सरासरी ३३ ग्रॅमच लागतात. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती रिस्ट्रिक्टर कापतो, तर सिंगलची मर्यादा त्याच्या स्वतःच्या सीसीत असते. या सरासरीत एक फसवणूक आहे. ती टप्पा ५ मध्ये.

मूळ स्वरूपात ३९० सुमारे ४३ अश्वशक्ती देते. रिस्ट्रिक्टर लावूनही नीट ट्यून केलेले ६०० सीसी इंजिन त्याहून बरेच जास्त देते. मग सिंगल का घ्यायचे? ३९०चे इंजिन ३६ किलोच्या आसपास आहे, रेडिएटर लहान लागतो, इंधन कमी लागते आणि मागचा भाग आखूड करता येतो. ऑटोक्रॉसमध्ये (वळणावळणाच्या ट्रॅकवरची फेरी) सरासरी वेग ताशी ४०-४८ किमीच असतो, तिथे हलकी गाडी फायद्याची ठरते. ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशनमध्ये मात्र तुम्ही मागे पडाल. हे आधीच मान्य करून गुणांचा हिशेब मांडा.

तपासा: हिशेबात जुन्या गाडीचे खरे वजन घेतले आहे का? कॅड मॉडेलने सांगितलेले वजन आणि वजनकाट्यावरचे वजन क्वचितच जुळते.

आणखी एक निर्णय याच वेळी घ्या. इंजिन बदलायच्या वर्षी बाकी गाडीत नवे प्रयोग करायचे नाहीत. २०२१मध्ये फॉर्म्युला वनच्या मॅकलारेनने रेनॉ सोडून मर्सिडीजचे इंजिन घेतले, तेव्हा त्या हंगामासाठी मिळालेले डेव्हलपमेंट टोकन (गाडीत मोजकेच बदल करण्याची परवानगी) त्यांना इंजिन बसवण्याच्या फेरबदलातच खर्च करावे लागले. त्यांच्यावर ती सक्ती नियमाने आली, तुम्ही ती स्वतःवर घाला. नवे इंजिन, नवे सस्पेन्शन आणि दहा इंची चाके एकाच वर्षी आणणारी टीम स्पर्धेत कोणता दोष कशामुळे आला हे शोधत बसते.

## टप्पा २: इंजिन ठरवण्याआधी रूलबुक

७१० सीसीच्या मर्यादेत आणि फोर स्ट्रोक असले की इंजिन चालते, एवढ्यावर थांबू नका. खालच्या तीन गोष्टींवर टीम अडकतात.

पहिली गोष्ट थ्रॉटल. २०१७पासूनच्या ३९० ड्यूकला राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) आहे. त्याआधीच्या मॉडेलला केबल होती. दिसायला इंजिन जवळजवळ सारखेच, पण नियमांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल ठेवले की पेडलवर दोन स्वतंत्र सेन्सर, त्यांचे आकडे जुळतात का याची सतत तपासणी, आणि ब्रेक व थ्रॉटल एकाच वेळी दाबले गेले तर इंजिन बंद करणारे वेगळे, प्रोग्रॅम न करता येणारे सर्किट, एवढे सगळे लागते. हे काम अवघड नाही, पण दोन-तीन महिने खाते. टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा पक्का माणूस नसेल तर केबलचा थ्रॉटल बसवा. मागून कोणी ‘नव्या मॉडेलची पॉवर जास्त आहे’ म्हणत असेल, तर हे पान त्याच्यासमोर ठेवा.

दुसरी गोष्ट आवाज. चाचणीची आरपीएम इंजिनाच्या स्ट्रोकवरून ठरते: पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.२५ मीटर ज्या आरपीएमला येतो ती, जवळच्या ५००ला पूर्ण करून. सीबीआर ६००चा स्ट्रोक ४२.५ मिमी, म्हणून त्याची चाचणी ११,०००वर व्हायची. जुन्या ३९०चा स्ट्रोक ६० मिमी, म्हणून ७,५००. नव्या ३९९ सीसी इंजिनाचा ६४ मिमी, म्हणून ७,०००. मर्यादा या आरपीएमवर ११० डेसिबल आणि आयडलला १०३. आरपीएम कमी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. सिंगलचा प्रत्येक ठोका मोठा असतो, मोजणी सी-वेटिंगने होते, आणि त्यात खालच्या सुरांना सूट मिळत नाही. चार सिलिंडरला पुरलेला मफलर इथे हमखास नापास होतो.

तिसरी गोष्ट इंजिनाची दिशा. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० किंवा बीएमडब्ल्यू जी ३१०चे इंजिन पाहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यात सिलिंडर मागे कललेला आहे. हवा पुढून आत जाते आणि एक्झॉस्ट मागे निघतो. एक्झॉस्टला ही रचना सोयीची, पण इनटेक थेट फायरवॉलला (ड्रायव्हर आणि इंजिन यांमधली भिंत) भिडतो. ३९०मध्ये नेमके उलटे असते. एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या टीमला गाडीचा मागचा अर्धा भाग पुन्हा आखावा लागतो.

सावधान: इनटेकचे सर्व भाग रोल हूपचा (ड्रायव्हरच्या डोक्यामागची संरक्षक कमान) माथा आणि टायरच्या बाहेरच्या कडा यांना जोडणाऱ्या पृष्ठभागाच्या आत असावे लागतात. एक्झॉस्टचे तोंड मागच्या ॲक्सलपासून ४५० मिमीपेक्षा मागे किंवा जमिनीपासून ६०० मिमीपेक्षा वर जाऊ शकत नाही. या तिन्ही सीमा कॅडमध्ये पहिल्या दिवशी काढून ठेवा.

## टप्पा ३: खरेदी, कागद आणि सुटे भाग

इंजिन तीन वाटांनी मिळते: कंपनीकडून प्रायोजकत्वात, डीलरकडून नवे, किंवा अपघातग्रस्त गाडीतून. शेवटची वाट सगळ्यांत स्वस्त असते आणि त्रासही तिच्यातच सर्वाधिक असतो.

भंगारवाल्याकडून घ्यायचे असेल, तर आधी इंजिन नंबर पाहा. आरसीची प्रत, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि त्या नंबरासह पावती, हे तिन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर घासलेला दिसला तर इंजिन कितीही स्वच्छ असो, परत फिरा. चोरीच्या गाडीचे इंजिन कॉलेजच्या आवारात सापडले तर उत्तर टीम कॅप्टनला द्यावे लागते. शक्य असेल तर अख्खी अपघाती गाडीच घ्या. इंजिनाबरोबर मूळ वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर), थ्रॉटल बॉडी, फ्युएल पंप, रेक्टिफायर आणि स्टार्टर रिले मिळतात. हे तुकडे वेगवेगळे जमवायला गेलात तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

पैसे देण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजा, ऑइल काढून त्यात चकाकणारे कण आहेत का पाहा, सगळे गिअर हाताने टाकून बघा आणि कूलंटमध्ये तेलाचा तवंग नाही ना याची खात्री करा. मॅग्नेट कव्हर फुटलेले असेल तर आतला स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) तपासा. अपघातात इंजिनाची तीच बाजू आधी आपटते.

कॉलेजमार्फत खरेदी असेल तर वेळेचा हिशेब वेगळाच. तीन कोटेशन, परचेस कमिटी, अकाउंट्सची सही, आणि शेवटी डेड स्टॉक रजिस्टरला नोंद. ही फाइल सत्र परीक्षांच्या काळात हलत नाही, म्हणून ती उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच पुढे सरकवा.

कंपनी प्रायोजक असेल तर इंजिनापेक्षा कागद आधी मागा. सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंग डायग्रॅम, माउंटिंग भोकांची मोजमापे, क्रँक सेन्सरच्या चाकाचे दाते आणि गाळलेले दाते, इंजेक्टरचा प्रवाह, सेन्सरचे कॅलिब्रेशन. कंपनीतल्या नेमक्या कोणत्या इंजिनिअरला फोन करायचा, हेही लेखी ठरवा. प्रायोजकत्वाचे पत्र देणारा मार्केटिंग विभाग ट्रिगर पॅटर्न सांगू शकत नाही.

तपासा: एकाच मॉडेलची दोन इंजिने हवीत. एक चालू आणि एक मरके. मरक्या इंजिनाचे क्रँककेस फ्रेमच्या जिगसाठी (वेल्डिंगवेळी भाग जागेवर धरणारा सांगाडा) वापरायचे. सुट्या भागांत गॅस्केट सेट, क्लच प्लेट, वॉटर पंप सील, क्रँक सेन्सर, स्टेटर आणि रेक्टिफायर एवढे स्पर्धेपूर्वी कपाटात असलेच पाहिजे. ३९०चा खरा फायदा इथेच आहे. सीबीआरची क्लच प्लेट परदेशातून येईपर्यंत सीझन संपतो. ३९०ची तालुक्याच्या शोरूमलाही मागवता येते.

## टप्पा ४: आधी स्टँडवर सुरू करा

हा टप्पा गाळणाऱ्या टीम सर्वाधिक, आणि पुढचा बहुतेक त्रास यातूनच निघतो.

लोखंडी चौकट, त्यावर इंजिन, रेडिएटर, इंधनाची टाकी आणि बॅटरी. सुरुवातीला सगळे मूळ भाग जसेच्या तसे लावा: मूळ ईसीयू, मूळ एअरबॉक्स, मूळ वायरिंग. इंजिन सुरू झाले, तापमान स्थिर राहिले, गिअर पडले, की तुमच्याकडे एक निरोगी इंजिन आहे हे सिद्ध झाले. त्यानंतरच एकेक भाग बदला. आधी ईसीयू आणि वायरिंग, मग थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टरसह इनटेक, शेवटी एक्झॉस्ट. प्रत्येक बदलानंतर पुन्हा सुरू करून पाहा. सगळे एकदम बदलून इंजिन सुरू झाले नाही, तर शोधायला चार दिशा असतात आणि चारही ग्रुपवर भांडणे.

मूळ वायरिंग कापण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढा आणि वायरवर टॅग लावा. बाइकच्या ईसीयूला साइड स्टँड, गाडी आडवी झाल्याचा सेन्सर, क्लच स्विच असे संकेत हवे असतात. ते न मिळाल्यास तो मुकाट्याने स्पार्क तोडतो. आयात इंजिनांत चावीतली इमोबिलायझर चिपही असते. चावीशिवाय घेतलेला ईसीयू म्हणजे निव्वळ डबा.

सावधान: स्टँडवर इंजिन चालवताना एक्झॉस्ट खिडकीबाहेर काढा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि इंधनपंपाचा स्विच वेगळा, लांबून पोचता येईल असा ठेवा. वर्कशॉपचा दरवाजा उघडा आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइड बाहेर जातोच असे नाही.

## टप्पा ५: इनटेक

क्रम ठरलेला आहे: थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. ‘बाइकची थ्रॉटल बॉडी पोर्टला राहू दे आणि रिस्ट्रिक्टर पुढे लावू’ हा विचार इथेच नियमाबाहेर जातो.

टप्पा १ मधली फसवणूक अशी. सिंगलला सरासरी ३३ ग्रॅम हवा लागते हे खरे, पण इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण चक्राच्या साधारण एक-तृतीयांश काळच उघडा असतो. सगळी हवा तेवढ्यात ओढायची तर त्या क्षणीचा प्रवाह १०० ग्रॅमच्या आसपास जातो. ७४ची मर्यादा ओलांडली गेली. म्हणजे प्लेनम (रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांमधला डबा) लहान असेल तर सिंगललाही रिस्ट्रिक्टर चोक करतो, प्रत्येक ठोक्याला. प्लेनम हा हवेचा साठा आहे. व्हॉल्व्ह बंद असताना तो रिस्ट्रिक्टरमधून भरत राहतो आणि व्हॉल्व्ह उघडला की तिथून हवा जाते. चार सिलिंडरमध्ये ठोके एकापाठोपाठ येत असल्याने लहान प्लेनम चालून जायचा. तोच सिंगलला जोडणे ही या बदलातली सगळ्यांत महागडी चूक. माझा सल्ला: इंजिनाच्या सीसीच्या पाच-सहा पटीपासून सुरुवात करा, सिम्युलेशनने वर-खाली करा आणि डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्र) दोन वेगळ्या आकारांचे प्लेनम प्रत्यक्ष तपासा. फार मोठा केलात तर पेडल दाबल्यावर प्रतिसाद मंदावतो. ऑटोक्रॉसमध्ये ड्रायव्हर त्याचीच तक्रार घेऊन येतो.

रिस्ट्रिक्टरच्या घशानंतरचा डिफ्युझर हळूहळू रुंदावत गेला पाहिजे, एका बाजूचा कोन ३-४ अंशांच्या आसपास. जागा नाही म्हणून १० अंश केलात तर हवा भिंतीपासून सुटते आणि घशात गमावलेला दाब परत मिळत नाही. जागा कमी पडत असेल तर फ्रेम बदला. फ्रेम अजून कागदावरच आहे, कारण तुम्ही या लेखाचा क्रम पाळला आहे.

आता थ्रॉटलचा व्यास. ३९०ची मूळ थ्रॉटल बॉडी ४६ मिमीची. तिचे क्षेत्रफळ २० मिमीच्या भोकाच्या पाच पटीहून जास्त भरते. त्यामुळे पेडलचा पहिला थोडासा भाग दाबला की इंजिनाला मिळायची ती जवळपास सगळी हवा मिळून जाते, उरलेल्या पेडलला काही अर्थ राहत नाही. ड्रायव्हर म्हणतो ‘गाडी झटके देते’, आणि टीम ट्यूनिंगमध्ये दोष शोधत बसते. लहान थ्रॉटल बॉडी लावा किंवा पेडलच्या केबलला सुरुवातीला हळू खेचणारा कॅम द्या.

तपासा: आयडलला इनटेकच्या तोंडावर हात ठेवून पूर्ण बंद करा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. चालू राहिले तर रिस्ट्रिक्टरनंतर, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी गळती आहे. स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीतही (टेक) ही चाचणी होते. थ्रीडी प्रिंट केलेले प्लेनम थरांच्या सांध्यांतून हमखास गळतात. आतून इपॉक्सीचा हात मारा.

## टप्पा ६: फ्रेम, माउंट, साखळी

आता फ्रेम. मरक्या इंजिनाचे क्रँककेस जिगवर पक्के करा. त्यावर प्लेनम, थ्रॉटल, एक्झॉस्टचा पहिला वळसा, ऑइल फिल्टरचे झाकण आणि स्टार्टर यांचे साचे लावा. मग नळ्यांची जागा ठरवा. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टपर्यंत पाना पोचतो का, हे कॅडवर विसंबून ठरवू नका, हाताने बघा.

इंजिनाची उंची क्रँकशाफ्टवरून नव्हे, आउटपुट स्प्रॉकेटवरून ठरवा. ते डिफरन्शियलच्या स्प्रॉकेटशी एका प्रतलात यायला हवे आणि हाफशाफ्टचे कोन सहन होतील एवढेच राहायला हवेत. २००९च्या फॉर्म्युला वन हंगामासाठी ब्रॉन टीमला होंडासाठी आखलेल्या गाडीत मर्सिडीजचे इंजिन घालावे लागले. क्रँकची उंची वेगळी असल्याने गिअरबॉक्सची जागा हलवावी लागली आणि चासीचा मागचा भाग कापून जुळवावा लागला. होंडाने माघार घेतली डिसेंबर २००८मध्ये, पहिली शर्यत मार्चच्या अखेरीस. ती गाडी विजेती ठरली म्हणून उशिरा इंजिन बदलणे चालते, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. त्यांच्यामागे शेकडो माणसांचा कारखाना होता, तुमच्यामागे सहाव्या सत्राची परीक्षा आहे.

सिंगलचे कंपन चार सिलिंडरपेक्षा जास्त जाणवते. माउंटच्या पातळ प्लेटला वेल्डजवळ तडे जातात. प्लेटला तिरपा आधार द्या, सर्व बोल्टना लॉकनट किंवा सेफ्टी वायर, आणि बॅटरी, ईसीयू, वायरिंगच्या क्लिपा रबरावर. वेल्डिंग करताना इंजिन बोल्टने कसलेले ठेवा, पण चालू इंजिन नव्हे, मरके. ईसीयू आणि बॅटरी गाडीवर असताना वेल्डिंग कधीही करू नका.

साखळीवर पोलादी स्कॅटर शील्ड (तुटलेल्या साखळीचे तुकडे अडवणारे कवच) लागते: किमान २ मिमी जाड आणि साखळीच्या तिप्पट रुंद. ॲल्युमिनियम इथे चालत नाही.

गिअरिंगचा हिशेब थोडक्यात. पहिल्या पिढीच्या ३९०मध्ये मूळ फायनल रेशो ३ (१५ आणि ४५ दात्यांची स्प्रॉकेट) आहे. १३ इंची रिम आणि सुमारे ५२० मिमी व्यासाचा टायर धरला, तर ९,५०० आरपीएमवर पहिल्या गिअरमध्ये ताशी साधारण ४४ किमी, दुसऱ्यात ६३, तिसऱ्यात ८२, चौथ्यात १०२. म्हणजे मूळ रेशोवरही पाचवा-सहावा गिअर स्पर्धेत लागत नाही. मागचे स्प्रॉकेट मोठे करण्याची घाई करू नका. गिअर लवकर संपतात आणि ऑटोक्रॉसच्या मध्यावर एक जादा शिफ्ट येतो. आधी मूळ रेशोवर धावा, डेटा बघा, मग ठरवा. सीबीआरसाठी कापलेले स्प्रॉकेट तर तसेच वापरूच नका.

## टप्पा ७: ऑइल आणि कूलिंग

बाइक वळणावर कलते, त्यामुळे ऑइल संपच्या (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) तळाशीच राहते. गाडी कलत नाही. ऑइल बाजूच्या भिंतीवर चढते, पिकअप (ऑइल ओढणारे तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. लांब वळणावर दोन सेकंदही बेअरिंगला पुरेसे घातक असतात. म्हणून संपमध्ये बॅफल प्लेट (ऑइलला बाजूला जाऊ न देणारा अडसर) लावा, आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर लॉगरला जोडा. नुसता लाल दिवा पुरत नाही. वळणात ड्रायव्हर दिव्याकडे बघत नाही. पातळीपेक्षा जास्त ऑइल भरण्याचा जुगाड काही टीम करतात. थोडेसे चालते, जास्त झाले तर क्रँक ते घुसळून फेस करतो.

तपासा: स्किडपॅडचे गोल आधी हळू, मग वेग वाढवत मारा आणि दोन्ही दिशांचा ऑइल प्रेशरचा आलेख काढा. एका बाजूला दाब खाली येत असेल तर बॅफल अपुरा आहे. पुढे जाऊ नका.

कूलिंगमध्ये फक्त साधे पाणी. अपघाती गाडीतून आलेल्या इंजिनात कूलंट असणारच. ते दोन-तीन वेळा पाणी फिरवून पूर्ण धुवा. कूलंट आणि ऑइलचे कॅच कॅन (बाहेर येणारा द्रव झेलणारे डबे) वेगळे, प्रत्येकी ९०० मिली किंवा द्रवाच्या १० टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढे. टिल्ट टेबलवर (तपासणीत गाडी तिरपी करतात ते टेबल) ६० अंशांना थेंबही पडता कामा नये.

## टप्पा ८: वायरिंग आणि शटडाउन

इथली एक चूक वर्षानुवर्षे तशीच चालू आहे: मास्टर स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहते. बॅटरी तुटली, पण स्टेटर रेक्टिफायरमधून ईसीयू आणि पंपाला वीज देतच असतो. बाइकच्या मूळ वायरिंगवर गाडी उभारली की हे घडते. मास्टर स्विचने बॅटरी आणि स्टेटर दोन्ही तुटले पाहिजेत. शटडाउनचे बटण, इनर्शिया स्विच (धडकेच्या धक्क्याने तुटणारा), ब्रेक पेडलचा ओव्हरट्रॅव्हल स्विच (पेडल प्रमाणाबाहेर दबले की तुटणारा), यांतला प्रत्येक घटक इंधनपंप आणि इग्निशन दोन्ही थांबवतो का, हे इंजिन चालू असताना एकेक करून पाहा. कागदावर टिक करून ठेवा.

स्टार्टर दाबताच ईसीयू रीसेट होतो का, हेही बघा. सिंगलचे कॉम्प्रेशन जास्त, त्यात वजन वाचवण्यासाठी घेतलेली लहान बॅटरी. क्रँकिंगच्या पहिल्या झटक्याला व्होल्टेज कोसळते. ईसीयूची अर्थ वायर थेट बॅटरीला न्या, फ्रेमला नको.

## टप्पा ९: ट्यूनिंग

मूळ मॅप (किती इंधन आणि केव्हा स्पार्क द्यायचा याचा ईसीयूमधला तक्ता) मुख्यतः थ्रॉटलच्या कोनावर चालतो. थ्रॉटल रिस्ट्रिक्टरच्या आधी गेल्यावर त्या कोनाचा सिलिंडरमधल्या हवेशी सरळ संबंध उरत नाही. म्हणून प्लेनममधल्या दाबावर आधारलेला मॅप करा. सिंगलमध्ये हा दाब प्रत्येक ठोक्याला खाली-वर होतो. ईसीयूमध्ये ठरावीक क्रँक कोनाला वाचन घेण्याची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर मॅप नाचत राहील.

क्रम असा: क्रँक सेन्सरचे टायमिंग लाइट लावून खात्री, आयडल, मधला भाग, पूर्ण थ्रॉटल, आणि सर्वांत शेवटी इग्निशन ॲडव्हान्स. टायमिंग लाइटची पायरी गाळून डायनोवर जाणारे पिस्टन फोडून परततात. लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचे प्रमाण सांगणारा) वाइडबँड घ्या. ईसीयू बदलायची ऐपत नसेल तर मूळ ईसीयूवर बसणारे पिगीबॅक युनिट चालते, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. रिस्ट्रिक्टरसह सगळा मॅप त्यातून सरळ होईल ही अपेक्षा ठेवू नका.

फॉर्म्युला भारत जिथे होते त्या कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेची हवा आणि पुण्याची हवा सारखी नसते. पुण्यात ट्यून केलेल्या मॅपमध्ये हवेचा दाब आणि तापमान यांची दुरुस्ती चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा.

## टप्पा १०: ट्रॅकवर

पहिल्या दिवशी टायमिंग घेऊ नका. दहा मिनिटे चालवा, थांबवा, सगळे बोल्ट तपासा, साखळी ताणा, गळती पाहा. माउंटच्या बोल्टवर मार्करची रेघ ओढा; रेघ सरकली की लगेच दिसते. साखळी पहिल्या तासात सर्वाधिक ढिली होते.

मग पूर्ण २२ किमीची एंड्युरन्स (स्पर्धेतली लांब पल्ल्याची फेरी), दोन ड्रायव्हरसह, दुपारच्या उन्हात. मध्यावर इंजिन बंद करा, ड्रायव्हर बदला, तीन मिनिटे थांबा आणि पुन्हा स्टार्टर दाबा. याच ठिकाणी नवे इंजिन घेतलेल्या टीम कोलमडतात. तापलेल्या इंजिनाच्या शेजारची इंधनाची नळी गरम होते, आत वाफ धरते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन घेत नाही. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, उष्णतारोधक बाही घाला, रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही चालू ठेवा, आणि गरम सुरुवातीसाठी ईसीयूमध्ये वेगळे इंधन द्या. लागोपाठ पाच वेळा गरम इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले की गाडी ट्रकवर चढवा. सोबत मूळ ईसीयू आणि मूळ वायरिंगचा खोकाही घ्या.